कोड आणि कान

प्रश्न : डॉक्टर, माझं वय 43, प्राथमिक शाळेत शिकवते. हातांवर आणि ओठांच्या कडेला बरीच वर्षं कोड आहे. हल्ली मागच्या बाकावरची पोरं काय बोलतात ते कळत नाही, रात्री कानात किर्रकिर्र चालू असते. जाऊबाई म्हणतात, कोड आत उतरलं. असं होतं का?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : ताई, जाऊबाईंनी उगाच घाबरवलं, पण त्या अगदीच हवेत बोलत नाहीत. कोडात प्रतिकारशक्ती आपल्याच रंगपेशींवर उलटते. या पेशी कातडीत असतात, तशा डोळ्यांत आणि आतल्या कानातही. कानात त्यांचं काम रंगाचं नाही. पोटॅशियमची ने-आण करून त्या तिथल्या द्रवात सुमारे 80 मिलिव्होल्टचा विद्युतदाब राखायला मदत करतात. ऐकण्याची बॅटरीच म्हणा. ती उतरली की कान मंदावतो.

कोड असलेल्यांपैकी काहींना 4000 ते 8000 हर्ट्‌झचे, म्हणजे वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. ठार बहिरेपण क्वचितच. स, श, फ याच पट्टीतले. त्यामुळे आवाज येतो, शब्द निसटतो. ‘बाई, शाई सांडली’ म्हणणाऱ्या पोराचं ‘आई सांडली’ ऐकू आलं, तर वर्गात हसू होणारच!

तरीही सगळं खापर कोडावर फोडू नका. कानातला मळ, थायरॉइड (कोडासोबत हा बऱ्याचदा असतो), मधुमेह, वय, यांपैकी काहीही असू शकतं. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान तपासून घ्या, ऑडिओमेट्री करा. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं, आवाज आला की बटण दाबायचं, दुखत काही नाही. थायरॉइडची रक्तचाचणीही करा. तोवर कानात तेल किंवा आकडा घालू नका.

दोन गोष्टींत मात्र थांबायचं नाही. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्टेरॉइड जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. आणि कानातल्या आवाजासोबत डोकं ठणकून डोळे लाल झाले, अंधुक दिसू लागलं, तर नेत्रतज्ज्ञांकडे धाव घ्या. व्होग्ट-कोयानागी-हराडा नावाच्या दुर्मिळ आजारात रंगपेशींवरचा हल्ला डोळे, कान, कातडी असा सगळीकडे होतो, आणि उशीर झाला तर नजर जाऊ शकते.