मार्चचा हप्ता आणि पाचशे रुपयांचा लोगो

सांगलीच्या विश्रामबागेतील एका वाचकाने (वय ३४, पत्नी, एक मुलगी) विचारले आहे : ‘पाच वर्षे घरूनच ग्राफिक डिझाइनची कामे करतो. गेल्या सहा महिन्यांत पुण्याच्या एजन्सींकडून येणारे काम निम्म्यावर आले. परदेशी ग्राहक कसे मिळवावेत हे शिकवणारा, तीस दिवसांत डॉलरमध्ये कमाईची हमी देणारा ४५ हजारांचा ऑनलाइन कोर्स आहे. त्यासाठी दोन लाखांची ठेव मोडावी का?’

मोडू नये. तीस दिवसांत डॉलरमधील कमाईची हमी देणाऱ्याची स्वतःची कमाई बहुधा कोर्स विकूनच होत असते.

मात्र पत्राच्या शेवटी आपण जाता जाता लिहिले आहे, ‘मार्चमध्ये पॉलिसीचा ९६ हजारांचा हप्ता आहे, म्हणून सध्या पाचशे रुपयांतही लोगो करून देतो.’ म्हणजे एका हप्त्यासाठी १९२ लोगो! खरी अडचण इथे आहे. १२ वर्षे हप्ते भरायचे आणि विसाव्या वर्षी अंदाजे २२ लाख मिळायचे, याला ही पॉलिसी विकणाऱ्या आपल्या मेहुण्यांच्या मित्राने ‘पैसे दुप्पट’ म्हटले. प्रत्यक्षात साडेअकरा लाख भरून मिळणारा हा परतावा वर्षाला जेमतेम साडेचार टक्के पडतो. विमा दहा लाखांचा, म्हणजे दरमहा २८ हजारांच्या घरखर्चाला तीन वर्षेही न पुरणारा.

आधी एक कोटीचा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाल्यासच कुटुंबाला रक्कम देणारा विमा) घ्यावा. निरोगी, निर्व्यसनी माणसाला आपल्या वयात तो वर्षाला साधारण १२ ते १५ हजारांत मिळतो. तो हाती पडल्यावरच जुन्या पॉलिसीचे हप्ते थांबवावेत, आणि आजचे समर्पण मूल्य (पॉलिसी आज मोडल्यास मिळणारी रक्कम) किती व हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवल्यास शेवटी किती मिळेल, हे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी घ्यावेत. ‘आता थांबलात तर नुकसान होईल,’ असे ते मित्र सांगतील आणि ते खोटे नाही. परंतु भरलेल्या तीन हप्त्यांतील नुकसान टाळण्यासाठी आणखी नऊ हप्त्यांचे ८ लाख ६४ हजार घालणे हा हिशेब मला पटत नाही.

हप्ता भरल्यास ठेवीत चार महिन्यांचाही घरखर्च उरत नाही. न भरल्यास सात महिन्यांचा उरतो. एवढा अवधी हाती असला की पाचशेच्या कामाला नकार देता येतो आणि वाचलेले दिवस जुन्या ग्राहकांना फोन करण्यात व मार्केट यार्डातील हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्यांकडे पाकिटांचे नमुने घेऊन जाण्यात घालवता येतात; मात्र हंगाम सुरू झाल्यावर त्यांना बोलायला उसंत नसते, म्हणून त्याआधीच जावे. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी ऑनलाइन नोंदणी) मोफत आहे, ती करून घ्यावी : २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत लघुउद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागतात, अन्यथा रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागते. पुढच्या प्रत्येक बिलावर नोंदणी क्रमांक छापावा, आणि निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय पहिला नमुनाही पाठवू नये.