जबड्याच्या सांध्याचे स्कॅन वाचायचे आहेत, पण रुग्ण नकोत?

प्रश्न : मी दंतवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला आहे. ड्रिल हातात घेतलं की दडपण येतं, पण स्कॅन बघत तासन्‌तास बसू शकते. जबड्याच्या सांध्याच्या हाडातले बदल त्रिमितीय प्रतिमांवरून ओळखण्याचं काम करावंसं वाटतं. बाबा म्हणतात, ‘फोटो बघणं हे काय डॉक्टरचं काम? आणि उद्या तेही एआय करेल.’ काय करू?

उत्तर : ड्रिल आवडत नाही म्हणून रेडिओलॉजी, एवढंच कारण असेल तर थांब. हा सांधा वाचणाऱ्याला रुग्णापासून लांब राहता येत नाही. कॉन्डाइल (खालच्या जबड्याचं सांध्यात बसणारं टोक) पार झिजलेला दिसतो आणि रुग्णाची काहीच तक्रार नसते. दुसऱ्याला जांभई देववत नाही आणि हाड मात्र स्वच्छ. स्कॅन आणि दुखणं यांचा मेळ इथे अनेकदा बसत नाही. म्हणून तोंड किती उघडतं, सांधा करकरतो का, दुखतं ते सांध्यात की स्नायूत, हे आधी बोटांनी तपासावं लागतं.

आता मुख्य काम. ओपीजीवर, म्हणजे पूर्ण जबड्याच्या सपाट एक्स-रेवर, मोठे बदल तेवढे कळतात, कारण त्यात एकावर एक सावल्या पडतात. सीबीसीटीत, म्हणजे त्रिमितीय एक्स-रे स्कॅनमध्ये, हाड काप घेऊन, कुठल्याही कोनातून पाहता येतं. पण कॉन्डाइल कवटीत तिरका बसलेला असतो. त्याच्या अक्षाला धरून काप फिरवले नाहीत तर आकार फसवतो. व्हॉक्सेल (त्रिमितीय प्रतिमेचा सर्वांत छोटा ठोकळा) मोठा असेल तर पातळ कॉर्टेक्स (हाडाचा बाहेरचा टणक थर) पुसट होतो आणि नसलेली झीज ‘दिसते’. विशीच्या आतल्या रुग्णात तर तो कॉर्टेक्स मुळात पूर्ण तयारच झालेला नसतो. हे ध्यानात न घेता रिपोर्ट लिहिला की धडधाकट पोराच्या कपाळी रोगाचा शिक्का बसतो.

जबड्याच्या सांध्याच्या विकारांच्या निदानाचे, २०१४ साली प्रसिद्ध झालेले डीसी/टीएमडी निकष नीट वाच. हाडाची झीज, ऑस्टिओफाइट (हाडाला फुटलेला काटा), कॉर्टेक्सखालची सिस्ट (पोकळी) किंवा पसरलेलं स्क्लेरोसिस (हाड घट्ट होणं) यांपैकी काही दिसलं, तर स्कॅनपुरता झिजेचा आजार मानतात. कॉन्डाइल नुसता सपाट झालेला असेल किंवा फक्त कॉर्टेक्स घट्ट दिसत असेल तर ‘अनिश्चित’ असं लिहायचं. हा एक शब्द लिहायला नवशिक्यांचा हात धजत नाही, आणि मला विचारशील तर या शाखेतलं निम्मं कौशल्य तिथेच आहे. दुसरी मर्यादा म्हणजे सांध्यातली डिस्क (हाडांमधली चकती) सीबीसीटीत दिसत नाही, त्यासाठी एमआरआय लागतो. आणि सीबीसीटीचा किरणोत्सर्ग साधारणपणे ओपीजीपेक्षा जास्त असतो, त्यामुळे ‘या रुग्णाला स्कॅनची गरज नाही’ हेही तुलाच सांगावं लागेल.

बाबांचं एआयबद्दलचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. कॉन्डाइलची कड आखणं, आकारमान मोजणं, आधीच्या आणि नंतरच्या स्कॅनमधला फरक रंगांत दाखवणं ही कामं सॉफ्टवेअर करू लागलंच आहे. पण स्कॅन कुणाचा काढायचा आणि दिसलेल्या बदलाला उपचार हवा की नको, हे रुग्ण पाहिलेल्या माणसालाच ठरवावं लागतं. ते तू करणार असशील, तर काम डॉक्टरचंच आहे. फक्त मोजमापात रमायचं असेल तर संशोधनाकडे किंवा सॉफ्टवेअरकडे वळ, तेही चांगलं क्षेत्र आहे. मात्र तेव्हा पदव्युत्तर शिक्षणाची वाट वेगळी निवडावी लागेल.

अर्ज भरण्याआधी एवढं कर. विभागप्रमुखांची परवानगी घेऊन, नावं काढलेले जुने सांध्याचे स्कॅन माग. थ्रीडी स्लायसर हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसं आहे. प्रत्येकावर तुझं मत लिही, कागद बाजूला ठेव आणि काही आठवड्यांनी तेच स्कॅन क्रम बदलून पुन्हा वाच. तुझी दोन उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते बघ, मग सरांच्या रिपोर्टशी ताडून पाहा. सुरुवातीला बरीच जुळणार नाहीत, त्याने खचू नकोस. अनुभवी मंडळींचंही काही स्कॅनवर एकमत होत नाही. न जुळलेले स्कॅन तिसऱ्यांदा उघडावेसे वाटतात की कंटाळा येतो, ते मला कळव. आणि त्याच काळात सांधेदुखीच्या रुग्णांच्या ओपीडीत बसायला लाग.