आयातशुल्क कोणाला तारते, कोणाला मारते: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: १९९१ मध्ये आपण अर्थव्यवस्था खुली केली असे शिकवले जाते, पण आता सरकार आयातशुल्क वाढवते आणि ‘आत्मनिर्भर’ होण्यास सांगते. मग आपण मागे फिरलो का? (पदवीची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

पूर्णपणे नाही, पण दिशा बदलली हे खरे. जुलै १९९१ मध्ये परकीय चलनाचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरता उरला असताना नरसिंह राव आणि मनमोहन सिंग यांनी रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन केले, बहुतेक उद्योगांवरची परवान्याची सक्ती उठवली आणि तीनशे टक्क्यांच्याही वर गेलेले कमाल आयातशुल्क १५० टक्क्यांवर आणले. त्यानंतर सरकारे बदलली तरी शुल्ककपात चालूच राहिली आणि २००७-०८ मध्ये, काही अपवाद सोडता, बिगरशेती मालावरची कमाल मर्यादा १० टक्क्यांवर आली. पुढे हा ओघ उलटा वाहू लागला. जागतिक व्यापार संघटनेच्या मोजणीनुसार २०१४ मध्ये सुमारे १३ टक्के असलेले आपले सरासरी शुल्क काही वर्षांतच १८ टक्क्यांच्या आसपास गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये आपण ‘आरसेप’ या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार कराराच्या वाटाघाटींतूनही बाहेर पडलो.

तरीही याला परवानाराज म्हणता येणार नाही, कारण कोणत्या कारखान्याने किती माल काढायचा हे आता दिल्लीत ठरत नाही. मला काळजी वाटली ती ऑगस्ट २०२३ मध्ये, लॅपटॉपच्या आयातीला परवाना लावण्याची अधिसूचना निघाली तेव्हा. ती पुढे सौम्य करण्यात आली हे बरे झाले. शुल्क निदान सर्वांना आधी कळते, परवाना मात्र अधिकाऱ्याच्या टेबलावर अडकून पडू शकतो.

प्रश्न: माझे भोसरीत पत्र्याचे सुटे भाग दाबून देण्याचे छोटे युनिट आहे. पोलादावर शुल्क वाढले की माझा कच्चा माल महागतो, पण मी बनवतो तोच भाग बाहेरून स्वस्तात येतो. याला स्वदेशीचे धोरण कसे म्हणायचे?

आपली तक्रार रास्त आहे, आणि माझ्या मते आपल्या औद्योगिक धोरणातली सर्वांत मोठी चूक नेमकी इथे आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने पोलादाच्या काही सपाट उत्पादनांवर १२ टक्के तात्पुरते संरक्षक शुल्क लावले. त्याचा परिणाम एका कल्पित हिशेबाने पाहू. समजा, आपल्या भागाची जगातली किंमत १०० रुपये आहे आणि त्यात ६० रुपयांचा पत्रा लागतो. म्हणजे मजुरी, वीज, डाय, बँकेचे व्याज आणि नफा या सगळ्यासाठी ४० रुपये उरतात. पत्रा १२ टक्क्यांनी महागला की ६७ रुपये २० पैशांना पडतो. तोच भाग एखाद्या मुक्त व्यापार कराराखाली शून्य शुल्काने आयात होत असेल, तर आपल्याला १०० रुपयांच्या वर भाव मिळत नाही आणि हाती ३२ रुपये ८० पैसे राहतात. पोलाद कंपनीला १२ टक्के संरक्षण देताना आपल्या श्रमावर १८ टक्क्यांचा दंड बसला, आणि हे कोणत्याही शुल्कपत्रकात लिहिलेले नसते. आपण देशी पत्रा घेत असलात तरी सुटका नाही, कारण बाहेरचा माल महागला की देशी गिरणीलाही भाव चढवायला वाव मिळतो.

कच्च्या मालावर शुल्क जास्त आणि तयार मालावर कमी, यालाच उलटी शुल्करचना म्हणतात. असे का होते, याचे कारण राजकीय आहे: पोलादाच्या मोजक्या मोठ्या कंपन्या एकमुखाने दिल्लीत गाऱ्हाणे मांडू शकतात, हजारो लघुउद्योजक मात्र विखुरलेले असतात. चिनी पोलादाचा स्वस्त लोंढा ही खरी अडचण आहे, हे मला मान्य आहे. पण रोजगार गिरणीपेक्षा आपल्यासारख्या युनिटांत अधिक असताना संरक्षणाचा भार आपल्यावरच का टाकायचा, याचे समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही. निर्यातीसाठी माल बनवत असाल, तर ‘अॅडव्हान्स ऑथोरायझेशन’ या सरकारी योजनेखाली कच्चा माल शुल्कमुक्त आणता येतो; कागदपत्रांचा व्याप मोठा आहे, तरी संघटनेमार्फत चौकशी जरूर करा.

प्रश्न: मोबाइलचे कारखाने आले, असे सरकार अभिमानाने सांगते. पण आपण केवळ स्क्रू आवळतो, असेही वाचले. खरे काय? (अभियंता, नाशिक)

दोन्ही खरे आहे. मोबाइलवर २०१७ पासून शुल्क लावून २०१८ मध्ये ते २० टक्क्यांवर नेले, आणि २०२० मध्ये उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आली, जिच्यात आधारवर्षापेक्षा वाढलेल्या विक्रीवर साधारण चार ते सहा टक्के रक्कम ठराविक वर्षांपुरती मिळते. २०२४-२५ मध्ये स्मार्टफोनची निर्यात सुमारे २४ अब्ज डॉलरवर पोहोचली. तरीही बहुतेक अंदाजांनुसार फोनच्या किमतीतला देशी वाटा पाचव्या हिश्श्याच्या आतबाहेरच आहे. चिप आणि डिस्प्ले बाहेरूनच येतात.

जुळणीला हिणवण्याचे मात्र कारण नाही. १९८३ मध्ये मारुतीची सुरुवातही आयात केलेल्या भागांच्या जुळणीनेच झाली होती, आणि सुट्या भागांचे पुरवठादार तिच्याभोवती पुढे वाढत गेले. मला या योजनेत विशेष मोलाचे वाटते ते हे, की विक्री वाढली नाही तर पैसा मिळत नाही आणि मुदत आधीच ठरलेली आहे. सुट्या भागांवरचे शुल्क जानेवारी २०२४ मध्ये आणि फोनवरचे त्याच वर्षी जुलैमध्ये घटवले, हेही शहाणपणाचे पाऊल होते.

प्रश्न: दक्षिण कोरियाने बाजार बंद ठेवूनच प्रगती केली ना?

बाजार बऱ्याच अंशी बंद होता, पण तिथले राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या काळात स्वस्त कर्ज आणि सवलती निर्यातीच्या कामगिरीशी जोडलेल्या होत्या. आपल्याकडे १९९१ पूर्वी संरक्षण होते, कसोटी नव्हती. म्हणूनच बजाजच्या स्कूटरसाठी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षे थांबावे लागत असे. १९९३ मध्ये राहुल बजाज यांच्यासह ‘बॉम्बे क्लब’च्या उद्योगपतींनी परदेशी कंपन्यांशी समान अटींवर स्पर्धा मागितली होती. आयात वाहनांवर भरघोस शुल्क राहिले, परंतु बजाजला देशातच जपानी कंपन्यांशी झुंजावे लागले, आणि आज पुण्याच्या त्याच कंपनीच्या मोटारसायकली आफ्रिकेत व लॅटिन अमेरिकेत विकल्या जातात.

प्रश्न: सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरचे शुल्क वाढले, घरचे तेल महागले, पण आमच्या सोयाबीनला हमीभावही मिळाला नाही. वाढ गेली कुठे? (शेतकरी, लातूर जिल्हा)

त्या वर्षीचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच खाली राहिला. कच्च्या खाद्यतेलावरचे एकूण शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेले होते. पण क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघते जेमतेम १८ किलो. उरलेली बहुतांश पेंड असते. त्या पेंडीला जगात भाव नव्हता, आणि देशात मका-तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा स्वस्त चोथा पशुखाद्यात तिची जागा घेऊ लागला होता. तेलाचे शुल्क पेंडीचा भाव सावरू शकत नाही. त्यातच मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे शुल्क पुन्हा उतरवले गेले. पेरणीच्या तोंडावर असे दर फिरवले, तर शेतकऱ्याने कशाच्या भरवशावर पीक ठरवायचे?

आपल्याकडे हेक्टरी उत्पादन साधारण एक टनाच्या आसपास, ब्राझीलमध्ये तीन टनांहून अधिक. म्हणून सुधारित बियाणे, काढणीच्या हंगामात वेळेवर सुरू होणारी खरेदी केंद्रे आणि ओलाव्याच्या नियमांत वास्तवाला धरून सवलत यांचा उपयोग शुल्कवाढीपेक्षा आपल्याला अधिक होईल, आणि ही मागणी आपण केंद्राबरोबरच राज्य सरकारकडेही धरायला हवी.