पंचांना विचारा : रनरला समोरच्या कॅप्टनची परवानगी लागते का?

प्रश्न : एप्रिलमधली आमची लेदर बॉलची मॅच. सलामीचा पोरगा दुसरी धाव घेताना मांडी धरून खाली बसला. आम्ही रनर, म्हणजे जखमी फलंदाजाच्या वतीने पळणारा, मागितला, तर समोरचा कॅप्टन म्हणाला, "रनर कधीच बंद झालाय, मी देणार नाही." पंचही गप्प. हे बरोबर का, सर?
— एक कर्णधार, जुळे सोलापूर

उत्तर : त्या कॅप्टनचं निम्मं खरं आहे. आयसीसीने ऑक्टोबर २०११ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांतला रनर बंद केला. पण क्रिकेटचे कायदे लिहिणाऱ्या लंडनच्या एमसीसी क्लबच्या मूळ नियमांत, २५व्या कलमात, रनर आजही आहे. तुमच्या स्पर्धेच्या पत्रकात 'रनर नाही' असं छापलेलं नसेल, तर तो मिळायलाच हवा होता. आणि परवानगी देणारा समोरचा कॅप्टन कोण? दुखापत याच सामन्यात झाली आणि तिच्यामुळे पळता येत नाही, एवढी पंचांची खात्री झाली की बास. रनर अकरातलाच हवा, शक्यतो आधी बाद झालेला, आणि पॅड-ग्लोव्ह्ज-हेल्मेट सगळं फलंदाजासारखंच चढवलेला. १९९७ साली चेन्नईत पाकिस्तानच्या सईद अन्वरने आपल्याला १९४ धावा चोपल्या तेव्हा त्याच्यासाठी आफ्रिदी पळत होता. आमच्या पिढीला ती दुपार अजून बोचते.

आता खरी मेख ऐका. रनर असलेला फलंदाज स्ट्राइकवर असताना त्याची क्रीज म्हणजे कायम यष्टिरक्षकाकडचीच. पार्क मैदानावर एकाने रनर घेतला, कव्हर्समधून झकास फटका मारला आणि सवयीने स्वतःच चार पावलं पुढे गेला. रनर बिचारा पलीकडे सुखरूप पोचलेला. इकडे कीपरने थ्रो घेऊन बेल्स उडवल्या. मी बोट वर केलं, तर सीमारेषेवरून आवाज आला, "अंपायर, आधी चष्मा बदला ओ!" चष्मा ठीक होता, तो फलंदाज धावबादच.

प्रश्न : आमच्या फास्ट बॉलरला उन्हाने उलटी झाली. चार ओव्हर सावलीत बसला, परत आला, तर पंचांनी लगेच बॉलिंग करू दिली नाही. आजारी माणसाला शिक्षा कशाला?
— एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : पंच बरोबर होते. जितका वेळ बाहेर, तितका खेळाचा वेळ भरून काढल्याशिवाय चेंडू हातात मिळत नाही. चेंडू लागून किंवा आपटून बाहेर गेलेल्याला यात सूट आहे. आजारपण आणि स्नायूची आतली दुखापत यांना नाही. कडक वाटतं, पण ही सूट दिली की दमलेला प्रत्येक बॉलर 'आजारी' पडून ताजातवाना होऊन येईल. बदली खेळाडू फक्त क्षेत्ररक्षण करतो, बॉलिंग-बॅटिंग नाही. पंचांनी होकार दिला तर कीपिंग मात्र करू शकतो. २०२५ च्या मँचेस्टर कसोटीत पंतचा पाय मोडल्यावर जुरेलने कीपिंग केली, पण बॅटिंगला पंतच लंगडत आला, तो यामुळेच.

आणि पुढच्या वेळी बॉलिंगचं नंतर बघा. आपल्याकडे पारा बेचाळीसला जातो. पोराला सावलीत घ्या, बूट-मोजे काढा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. असंबद्ध बोलायला लागला तर थेट १०८. नाकाला कांदा लावणारे अजून भेटतात. कांदा भज्यांसाठी ठेवा.

प्रश्न : हेल्मेटवर बाउन्सर बसला तर बदली फलंदाज मिळतो का?
— एक पालक, भवानी पेठ

उत्तर : आंतरराष्ट्रीय सामन्यांत ऑगस्ट २०१९ पासून मिळतो. लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाच्या स्मिथच्या जागी लाबुशेन आला, तो पहिला. गावातल्या स्पर्धेत मात्र पत्रकात लिहिलं असेल तरच. पण डोक्याच्या माराला 'बघू, एक ओव्हर खेळून' नाही. १९९८ मध्ये ढाक्यात भारताचा माजी फलंदाज रमण लांबा शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, विनाहेल्मेट उभा होता. चेंडू लागल्यावर स्वतः चालत मैदानाबाहेर गेला आणि तीन दिवसांनी वारला. तेव्हा पोराला रिटायर्ड हर्ट करून डॉक्टरांकडे न्या, गाडी त्याला चालवू देऊ नका. आणि ते हेल्मेट धाकट्याला देऊ नका. एवढा मार खाल्लेलं हेल्मेट बाद समजायचं.