नोव्हेंबरमध्ये अलिबागच्या किनाऱ्यावर कोणते पक्षी दिसतात? माझ्याकडे कॅमेरा नाही, फक्त जुनी दुर्बीण आहे, तर जाण्यात अर्थ आहे का?

अर्थ आहे, शंभर टक्के आहे. तुमच्या प्रश्नातलं ते शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. पक्षी कोणते ते सांगतेच, पण आधी माझं सांगू द्या, इतकी वर्षं झाली तरी ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

मी चौलची सून. लग्न होऊन आले तेव्हा मला कावळा, चिमणी आणि बगळा एवढेच पक्षी ओळखता यायचे. सासऱ्यांची, अप्पांची, सुपारीची वाडी. ते काही होडी घेऊन जाणारे नव्हते, पण समुद्राचं घड्याळ त्यांना तोंडपाठ. तिथीची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच, दुपारचा तसाच रात्रीचा, आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. मोबाइलवरच्या टाइड टेबलशी ताडून बघा, थोडं इकडेतिकडे होतं पण हिशोब चुकत नाही. हे एवढं कळलं की किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचं निम्मं काम झालं, कारण हे पक्षी उन्हाच्या वेळेवर चालतच नाहीत, पाण्याच्या वेळेवर चालतात. ओहोटीला चिखल-वाळू उघडी पडली की खायचं, भरती आली की कुठल्या तरी कोरड्या पट्टीवर एका पायावर उभं राहून झोपायचं, मग दुपार असो नाही तर मध्यरात्र.

तर २०१८ चा नोव्हेंबर. त्रिपुरी पौर्णिमा होऊन गेलेली, रविवार, वद्य तृतीया. म्हणजे भरती सव्वादोनला आणि ओहोटी सव्वाआठाच्या सुमाराला. घरचं चहापाणी आवरून मी आठाला अक्षीला पोचले. अक्षी म्हणजे तेच, अलिबागजवळचं, शके ९३४ च्या मराठी शिलालेखाचं गाव. सुरूच्या बनातून खाली उतरले आणि खाडीच्या तोंडाकडे चालत गेले. पाणी लांब गेलेलं, ओल्या वाळूवर नेहमीची मंडळी. सँडर्लिंग लाटेच्या पुढे पुढे पळतायत, लाट मागे फिरली की तिच्या मागे. चिखल्या चार पावलं धावतायत, थबकतायत, टोचतायत. आणि त्यांच्या पलीकडे एक पक्षी असा दिसला की मी दुर्बीण खाली घेतली, काच पुसली आणि परत लावली.

पांढराशुभ्र. पाठ काळी, मिटलेल्या पंखांच्या कडा काळ्या. पाय लांब, निळसर करडे. डोकं पूर्ण पांढरं, डोळ्यापाशी थोडा काळा डाग. आणि चोच सरळ, काळी कुळकुळीत, सुऱ्यासारखी जाड. चालता चालता थांबायचा, वाळूकडे टक लावायचा, मग तीन-चार पावलं एकदम धावून चोच मारायचा. एकदा त्यानं चिंबोरी, म्हणजे खेकडा, बाहेर काढली, रुपयाच्या नाण्याएवढी असेल, ती धरून झटकली, नांगी गळून पडली, उरलेली गिळली आणि मग खाली वाकून ती पडलेली नांगीही उचलली. साठेक पावलांवरून मी पंचवीस मिनिटं बघत होते. क्रॅब प्लोव्हर. त्याआधी जामनगरकडे मी तो पाहिलेला होता म्हणून छाती धडधडत होती, कारण हा अरबस्तान आणि इराणच्या आखाताच्या बाजूला वीण करणारा पक्षी, वाळूत बीळ खणून त्यात एकच पांढरं अंडं घालतो, चिखलपक्ष्यांत असं बीळ करणारा दुसरा कोणी नाही. हिवाळ्यात कच्छच्या आखातात ठरलेला, पण आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर अगदी दुर्मीळ.

जवळच एक बाई तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढत होत्या. मी त्यांना दुर्बीण दिली तर त्यांनी ती लावलीसुद्धा नाही, म्हणाल्या, "तो काला-धवला ना? दोन दिस झालं हितंच हाय, चिंबोऱ्या खातंय." मी वहीत सगळं उतरवलं. वेळ, तिथी, अंतर, ऊन कुठून होतं, चोच, पाय, चाल, काय खाल्लं, शेजारी कोण कोण होतं. खाली एक चित्र काढलं, चित्रकला माझी साधी आहे, पण चोचीची जाडी डोक्याच्या मापात बरोबर काढली होती.

संध्याकाळी पक्षीनिरीक्षणाच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं. पहिलं उत्तर एका शब्दाचं, "फोटो?" मी म्हटलं फोटो नाही, वहीतलं पान पाठवते. पान पाठवलं. त्यावर, "काकू, अ‍ॅव्होसेट असेल." अ‍ॅव्होसेटची चोच सुईसारखी बारीक आणि टोकाला वर वळलेली, डोक्यावरून मानेमागे काळी टोपी. दुसऱ्यानं सुचवलं ऑयस्टरकॅचर. त्याची चोच लालभडक नारिंगी आणि डोकं काळं. मी दोन्ही पक्षी दर हिवाळ्यात बघते, ऑयस्टरकॅचर तर अक्षीलाच. चोचीत गफलत होईल एवढं अंतरही नव्हतं. पण शेवटी निकाल आला, फोटोशिवाय नोंद धरता येणार नाही. कोणी एक प्रश्न विचारला नाही की पाय कसे होते, डोकं कसं होतं, कसा चालत होता.

पुढचा रविवार, वद्य दशमी. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे भरती सकाळी साडेसाताला. मी ग्रुपवर लिहिलं होतं की दहा-साडेदहाच्या पुढे या, पाणी उतरायला लागेल, वाळू उघडी पडेल, असेल तर तेव्हा तो खायला बाहेर येईल. मंडळी आली सात वाजता. बारा-तेरा जण, मोठाल्या लेन्स. पक्षी बघायचे तर पहाटे, एवढंच माहीत. भांगाची, म्हणजे मधल्या तिथींची कमी चढणारी, भरती होती म्हणून वाळूची पट्टी थोडी रुंद राहिली होती आणि तिच्यावर कुरव (गल), सुरय (टर्न), चिखल्या, टिलवे असे चारेकशे पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसलेले. बहुतेकांच्या चोची पाठीच्या पिसांत. मी हळू आवाजात सांगितलं, इथूनच बघा, पुढं नका जाऊ. तर त्यांच्यातला एक जण म्हणाला बसलेल्यांचे काय फोटो काढायचे, उडताना घेऊ, आणि सरळ थव्याकडे धावत सुटला. सगळे उठले. फिरून परत बसले. परत धावला. तिसऱ्यांदा उठले तेव्हा थवा पाण्यालगत खाली उतरून दोन घिरट्या घालून नागावच्या बाजूला गेला तो आलाच नाही. नऊला मंडळी नाश्त्याला गेली. दुपारी ग्रुपवर थव्याचा फोटो आला, खाली पन्नासेक अंगठे, आणि त्याच्याखाली, "अक्षीला विशेष काही नाही, काकूंचा पक्षी नव्हताच."

मी त्या दिवशी एकपर्यंत थांबले. नाही दिसला. आठवड्यात पुढे गेला असेल, त्या धावाधावीत उडाला असेल, मला सांगता येणार नाही. पण नव्हताच हे त्यांनी कशावरून ठरवलं?

आता तुम्हाला वाटेल उडवले चार पक्षी तर काय झालं, परत बसतील. या पक्ष्यांना पोटभर खायला दिवसातून दोनदाच मिळतं, पाणी उतरलं तर. मधल्या वेळात गप्प बसून अंगावरची चरबी राखायची असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येणारी तर हजारो किलोमीटर उडून आलेली, त्यात त्याच वर्षी जन्मलेली पिल्लं. २०२२ च्या ऑक्टोबरात बार-टेल्ड गॉडविटचं जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून टास्मानियाला ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर न थांबता गेलं, पाठीवर ट्रान्समीटर होता म्हणून ते कळलं. त्याच जातीची आपल्याकडे येणारी वेगळ्या वाटेनं येतात, पण दमणं तेच. तिबेट-लडाखच्या सरोवरांवरून आलेला कुरव अक्षीच्या वाळूवर डोळे मिटून बसलाय आणि तुम्ही त्याला फोटोसाठी तीन वेळा उठवता, याला मी पक्षीनिरीक्षण म्हणत नाही. कोणाला राग आला तरी चालेल.

बरं, तुमचा प्रश्न. नोव्हेंबरला किनाऱ्यावर कुरव येऊन बसलेले असतात. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा, पण नावावर जाऊ नका, या दिवसांत दोघांचीही डोकी पांढरी असतात, कानापाशी एक गडद ठिपका राहतो. मोठा झालेला तपकिरी डोक्याचा असेल तर डोळा फिकट आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके, काळ्या डोक्याच्याचा डोळा गडद आणि उडताना पंखाची पुढची कड पांढरी. जुन्या दुर्बिणीनं हे सहज दिसतं. सुरयांमध्ये कॅस्पियन बघा, गाजरासारखी जाड लाल चोच. चिखल्यांचे दोन-तीन प्रकार, सँडर्लिंग, खडकांवर टर्नस्टोन, वाकड्या चोचीचे कर्ल्यू आणि व्हिम्ब्रेल, नशीब असेल तर ऑयस्टरकॅचर. वर ब्राह्मणी घार आणि समुद्री गरुड. एवढं एका सकाळीत होतं.

पाणथळीचे हवे असतील तर खारेपाटात जा, शहापूर-धेरंडच्या बाजूला जिताडा माशांची तळी आहेत. शेकाट्या, थापट्या, भुवई बदक, धोबी आणि या सगळ्यांना धास्ती घालत बांधावरून खालून खालून जाणारा मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी. तळी लोकांची आहेत, विचारून बांधावर चढा. फ्लेमिंगोसाठी मात्र अलिबागला येऊ नका, ठाणे खाडीला जा, ऐरोलीहून वनखात्याची बोट असते, तेही नोव्हेंबरात घाई करू नका, नवीन वर्ष लागलं की थवे भरतात.

रविवार टाळा. नागावला जेट-स्की, घोडे, मोटारगाड्या, सगळं वाळूवर असतं. मधल्या वारी या, आणि पंचांग बघून या. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सकाळी आठ ते अकरा उत्तम, पाणी चढत येतं आणि पक्ष्यांना तुमच्याकडे आणून सोडतं, तुम्ही एका जागी बसून राहायचं. अष्टमीच्या सुमाराला सकाळी सहालाच भरती, मग नऊच्या पुढे पाणी उतरताना जा. आणि गेटवेहून मांडव्याला लाँचनं येणार असाल तर कुरवांना गाठ्या-शेव टाकू नका, बाकीचे टाकतात म्हणून तर अजिबात नको. त्यांचं खाणं समुद्रात आहे.

एक गोष्ट मी मान्य करते, नाही तर मी एकांगी होईन. दुर्मीळ पक्ष्याच्या नोंदीला पुरावा मागणं चूक नाही. चुकीच्या नोंदी साचल्या तर कोणता पक्षी कुठे वाढला, कुठे घटला हा सगळा हिशोबच बिघडतो, आणि फोटो हा सगळ्यात सोपा पुरावा आहे. चांगले फोटो काढणारे आणि पोटावर सरपटत जाऊन एकही पक्षी न उठवणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मीही आता मोबाइल दुर्बिणीच्या काचेला लावून फोटो घेते. पण वर्णन हासुद्धा पुरावा असतो, आणि आधीच्या कित्येक पिढ्यांनी वह्यांवरच काम केलं. पक्षी सप्ताह आपण ५ ते १२ नोव्हेंबर पाळतो तो मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या वाढदिवसांमुळे, त्या दोघांची कामं काढून बघा, लिहून ठेवण्याला केवढी किंमत आहे ते कळेल.

दुर्बिणीचं म्हणाल तर जुनी आहे म्हणून फेकू नका. उजेडाकडे धरून मोठ्या काचेतून आत बघा, कोळिष्टकासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, दुरुस्तीवाल्याकडून साफ करून घ्या, आणि खाऱ्या वाऱ्यात वापरलीत की घरी येऊन ओलसर कापडानं बाहेरून पुसा. कोणा पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी बांधलेला रंगीत फ्लॅग दिसला तर रंग, कुठला पाय, वरची अक्षरं-आकडे टिपा आणि बीएनएचएसला, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला, कळवा, त्यालाही कॅमेरा लागत नाही.

आणि खाडीच्या तोंडाशी काळा-पांढरा, जाड काळ्या चोचीचा कोणी चिंबोऱ्या झटकताना दिसलाच तर इथे लिहा. वेळ, तिथी, अंतर आणि पाय कसे होते ते सांगा. फोटो मी मागणार नाही.