फ्लॉपीच्या काळात माहिती नष्ट होण्याची भीती वाटत असे का?

होय, वाटत असे, आणि गोव्यात ती सर्वाधिक पावसाळ्यात वाटे.

१९८८ साली मी वास्कोत एका खनिज वाहतूक कंपनीत हिशेबनीस म्हणून रुजू झालो. कार्यालयात एकच संगणक होता आणि त्याला हार्ड डिस्क नव्हती. सव्वापाच इंची फ्लॉपीचे, म्हणजे माहिती साठवायच्या काढत्या-घालत्या पातळ चकतीचे, दोन ड्राइव्ह होते. एकात डॉस ही संगणक चालवणारी प्रणाली आणि कामाचा प्रोग्रॅम, दुसऱ्यात आमचा हिशेब. एका फ्लॉपीवर जेमतेम ३६० किलोबाइट मावत. तरीही मांडवी-झुवारी नद्यांतून मुरगाव बंदरात खनिज नेणाऱ्या आमच्या साऱ्या बार्जच्या, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौकांच्या, महिनाभराच्या खेपा तीत बसून जागा उरत असे.

या फ्लॉपीच्या काळ्या वेष्टनाला एक लांबट खाच असते, तिच्यातून आतली तपकिरी चकती उघडीच राहते आणि ड्राइव्हचे माहिती वाचणारे-लिहिणारे हेड तिथेच चकतीला प्रत्यक्ष टेकते. एका जुलैत मे महिन्याचा, म्हणजे ऐन हंगामाचा, हिशेब उघडू लागलो, तर ड्राइव्ह नुसता करकरत राहिला. फ्लॉपी काढून खिडकीपाशी उजेडात धरली, मधल्या भोकात बोट घालून चकती हळूहळू फिरवली, तेव्हा टाचणीच्या डोक्याएवढे भुरकट ठिपके दिसले. बुरशी धरली होती. तीच फ्लॉपी मी पुन्हा पुन्हा घालून पाहिली, ही माझी मोठी चूक झाली, कारण तो मळ हेडला चिकटला आणि त्यानंतर घातलेली राखीव प्रतही खरवडली गेली. कागदी ट्रिपशीट, म्हणजे प्रत्येक खेपेच्या नोंदी, जपून ठेवलेल्या होत्या म्हणून निभावले. त्यांवरून सगळा महिना नव्याने भरण्यात चार रात्री गेल्या.

पुढे आम्ही फ्लॉपी एका लोखंडी कपाटात ठेवू लागलो आणि तळाच्या खणात २५ वॅटचा दिवा पावसाळाभर दिवसरात्र पेटता ठेवला. त्याच्या उबेने कपाट कोरडे राही. हेड दर शनिवारी अल्कोहोलने पुसत असू आणि तिसरी प्रत मी घरी नेत असे.

काही वर्षांनी साडेतीन इंची फ्लॉपी आली. तिच्यावर १.४४ मेगाबाइट मावतात याचे सहकाऱ्यांना अप्रूप वाटले. मी मात्र तिची धातूची झडप बोटाने सरकवून पाहत राहिलो, कारण सोडताच ती आपोआप मिटत होती.