‘टीप’ या शब्दापुढील दोन टिंबे

पर्वरी येथे सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका मराठीत आणण्याचे काम करणाऱ्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, सहकारी पतसंस्थांच्या हिशेबासाठी तयार होत असलेल्या त्यांच्या पुस्तिकेत ‘टीपः’, ‘टीप:’ आणि ‘टीप :-’ अशी तिन्ही रूपे आली आहेत, तर त्यांपैकी योग्य रूप कोणते मानावे. आणि पडद्यावरील बटणांची नावे एकेरी अवतरणचिन्हांत द्यावीत की दुहेरी?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. ‘टीप’, ‘सूचना’, ‘गाव’, ‘तालुका’ अशा शब्दांनंतर पुढे काही सांगायचे आहे हे दाखवणारे चिन्ह अपूर्णविराम, म्हणजे इंग्रजीतील कोलन, आहे, विसर्ग नव्हे. विसर्ग हे विरामचिन्ह नाही. तो वर्णमालेचा भाग आहे, त्याला स्वतःचा उच्चार आहे आणि तो संस्कृत लेखनातून आपल्याकडे आला आहे. अपूर्णविराम आला तो एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी छपाईच्या वळणाने, ज्या काळात मेजर थॉमस कॅन्डी यांनी मराठीत विरामचिन्हे रुजवण्यासाठी परिश्रम घेतले. दोन्ही चिन्हांत एकाखाली एक अशी दोन टिंबे असावीत, हा निव्वळ योगायोग आहे. ‘तालुकाः तिसवाडी’ असे लिहिणारा मनुष्य वस्तुतः ‘तालुकाह’ असे लिहीत असतो.

मग इतकी माणसे असे का लिहितात? दोष त्यांच्या व्याकरणाचा कमी आणि कळफलकाचा अधिक आहे. इंग्रजी कळफलकावर ज्या कळीवर अपूर्णविराम असतो, त्या कळीवर इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकाच्या प्रमाण मांडणीत ‘च’ येतो आणि शिफ्टसह ‘छ’ येतो. अवतरणचिन्हांच्या कळीवर ‘ट’ आणि ‘ठ’ येतात. उलट संयोगचिन्हाच्या कळीवर शिफ्ट दाबली की विसर्ग सहज हाती लागतो. भाषा बदलून अपूर्णविराम टंकित करावा आणि पुन्हा मराठीवर यावे, एवढा खटाटोप प्रत्येक ओळीला कोण करणार? हुबेहूब दिसणारे चिन्ह बोटाखाली असते, म्हणून ते वापरले जाते. साधनाने लेखनाला असे वळवणे गोव्याला नवे नाही. फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले ते रोमी लिपीत, कारण छपाईसाठी लागणारे देवनागरीचे खिळे तेव्हा हाताशी नव्हते.

छापील कागदावर हा घोटाळा फारसे नुकसान करीत नसे, कारण वाचणारा डोळा संदर्भाने अर्थ लावून घेई. संगणकाला मात्र टिंबे दिसत नाहीत, त्याला क्रमांक दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना व चिन्हांना क्रमांक देणाऱ्या संगणकीय पद्धतीत, विसर्गाचा क्रमांक ०९०३ आहे आणि तो आधीच्या अक्षराला जोडले जाणारे चिन्ह म्हणून नोंदलेला आहे. अपूर्णविरामाचा क्रमांक वेगळा आहे आणि तो स्वतंत्र चिन्ह आहे. त्यामुळे ‘सूचनाः’ हा संगणकाच्या लेखी ‘सूचना’ या शब्दाहून निराळा शब्द ठरतो. पूर्ण शब्द जुळवून शोध घेतला तर तो अनेकदा सापडत नाही, शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली त्याखाली तांबडी रेघ ओढते, आणि अंध वापरकर्त्याला मजकूर वाचून दाखवणारी आज्ञावली ‘सूचनाह’ असा उच्चार करू शकते. पतसंस्थेचा एखादा कर्मचारी केवळ ऐकून काम करीत असेल, तर ओळीओळीला हा हकार त्याच्या कानी पडावा हे मला मान्य होण्यासारखे नाही.

याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. काही काळापूर्वी फोंडा तालुक्यातील एका वाचनालयाच्या ग्रंथनोंदणीची मराठी पुस्तिका तपासण्यासाठी माझ्याकडे आली होती. चूक लक्षात आल्यावर कोणीतरी मोठ्या सद्भावनेने संपूर्ण पुस्तिकेतील विसर्ग एका फटक्यात बदलून तिथे अपूर्णविराम घातले होते. परिणामी ‘सूचना’ दुरुस्त झाली, परंतु ‘स्वत:’, ‘अंशत:’, ‘नि:शुल्क’ हे सारे शब्द बिघडले. डोळ्यांना काहीही वावगे दिसत नव्हते. शोधचौकटीत ‘निःशुल्क’ हा शब्द नीट विसर्गासह लिहिला, तेव्हा तो पुस्तिकेत कोठेच नाही असे उत्तर आले, म्हणून प्रकार उघडकीस आला. ती दुरुस्ती मला दोन दिवस पुरली.

त्या अनुभवावरून सुचवतो की, एकगठ्ठा बदल कधीही करू नये. शब्दाच्या शेवटी येणारा खरा विसर्ग मराठीत बहुतेक वेळा ‘तः’ किंवा ‘शः’ या अंती असतो: स्वतः, विशेषतः, सामान्यतः, पूर्णतः, क्रमशः, अक्षरशः. हे आणि ‘पुनः’सारखे मोजके शब्द वगळले की, शब्दान्ती उरलेला जवळजवळ प्रत्येक विसर्ग चुकीचा निघतो. दुसऱ्या दिशेने, दोन देवनागरी अक्षरांच्या मध्ये जागा न सोडता अपूर्णविराम आला असेल, तर तिथे विसर्ग हवा होता असे समजून तो शब्द तपासावा. पुस्तिकेची कोकणी आवृत्ती निघणार असेल, तर तिलाही हीच चाळणी लावावी, कारण लिपी आणि कळफलक यांची अडचण तिथेही तीच आहे.

आता अपूर्णविरामाच्या आधी जागा सोडावी का? आपल्याकडील जुने मुद्रक ‘विषय : ’ अशी थोडी जागा सोडत, आणि ती रीत मला सयुक्तिक वाटते, कारण अक्षराला चिकटलेली टिंबे विसर्गासारखी दिसतात. मात्र पडद्यावर ही जागा साधी ठेवली, तर ओळ संपताना टिंबे एकटीच खालच्या ओळीवर जाऊन बसतात; म्हणून तिथे न तुटणारी जागा वापरावी, आणि ती घालणे शक्य नसेल तर चिन्ह शब्दाला जोडूनच लिहावे. जागा सोडून पुढे विसर्ग टंकित केला, तर त्याला आधाराला अक्षर उरत नाही आणि बहुतेक टंकांत ठिपक्यांचे पोकळ वर्तुळ उमटते. शासकीय पत्रकांत असे वर्तुळ आपण सर्वांनीच पाहिले आहे. ‘:-’ या जोडचिन्हातील आडवी रेघ कोणतेही वेगळे काम करीत नाही, ती गाळावी.

बटणांच्या नावांसंबंधी माझे मत एकेरी अवतरणचिन्हांकडे झुकते. मराठीत दुहेरी चिन्हे बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे देण्यासाठी आणि एकेरी चिन्हे एखाद्या शब्दाकडे लक्ष वेधण्यासाठी, असा संकेत शाळेपासून आपल्या अंगवळणी पडला आहे. इंग्रजी पुस्तिकांत हे काम कित्येकदा मोठ्या लिपीतील आद्याक्षराने किंवा तिरक्या टंकाने भागते. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही, आणि ओढून तिरकी केलेली देवनागरी वाचवत नाही. त्यामुळे हा भार अवतरणचिन्हांनी किंवा ठळक टंकाने उचलायचा असतो.

खरी अडचण पुढे, प्रत्यय लागताना येते. ‘खाते’ असे नाव पडद्यावर असेल आणि पुस्तिकेत ‘खात्यात जा’ असे लिहिले, तर सामान्यरूपामुळे नावच बदलते आणि नवखा वापरकर्ता पडद्यावर ‘खात्या’ शोधत राहतो. ‘जतन करा’ या नावाला तर प्रत्यय लावताच येत नाही. ‘जतन करा’वर दाबा, असे लिहिले की वाक्य अडखळते. यावर मराठीत सरळ उपाय आहे. मूळ नाव अवतरणात अविकारी ठेवावे आणि प्रत्यय पुढच्या नामाला द्यावा: ‘खाते’ या विभागात जा, ‘जतन करा’ या बटणावर टिचकी द्या. वाक्य दोन शब्दांनी लांबते, पण पडद्यावरील शब्द आणि पुस्तिकेतील शब्द तंतोतंत एक राहतात.

वर्तुळाकार वळलेली अवतरणचिन्हे गद्यात शोभतात, परंतु वापरकर्त्याने उचलून संगणकाला द्यायच्या आज्ञेत ती कधीही येऊ देऊ नयेत. लेखनाच्या आज्ञावल्या सरळ चिन्हे परस्पर वळवतात, तसेच दोन सलग संयोगचिन्हांचे एक अपसारणचिन्ह, म्हणजे ज्याला आपण डॅश म्हणतो ते, करून टाकतात. अशी बदललेली आज्ञा संगणक नाकारतो किंवा तिचा भलताच अर्थ लावतो, आणि वापरकर्त्याला आपलेच काहीतरी चुकले असे वाटते. म्हणून आज्ञांचा मजकूर वेगळ्या चौकटीत, समरुंदीच्या टंकात ठेवावा आणि त्यापुरती ही स्वयंदुरुस्ती बंद करावी.

आपल्या पुस्तिकेपुरते सांगायचे तर, टीप स्वतंत्र चौकटीत असेल तेव्हा ‘टीप’ हा शब्द ठळक टंकात वरच्या ओळीवर एकटा द्यावा. तिथे कोणत्याही चिन्हाची गरज उरत नाही. मजकुराच्या ओघात येईल तेव्हाच ‘टीप : ’ असे लिहावे. ‘उदा.’ या संक्षेपापुढे मात्र बिंदू आधीच असतो, तेव्हा त्यानंतर आणखी दोन टिंबे देऊ नयेत.